जोडा कारागिराचा, किंमत नावाची

मांजरसुंबा (जि. बीड) : सोलापूरहून धुळ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आणि अहिल्यानगरहून जामखेड, पाटोदा, केज, अंबाजोगाईमार्गे अहमदपूरकडे जाणारा रस्ता मांजरसुंब्याला एकमेकांना छेदतात. बालाघाटाच्या रांगेतले हे गाव तसे लहान. पण मराठवाड्यात फिरणाऱ्याला ते ठाऊक नाही, असे सहसा होत नाही. येथे गाड्या थांबतात, प्रवासी उतरतात, जेवतात, चहा घेतात आणि पुढे निघतात. जवळच कपिलधारला संत मन्मथस्वामींचे समाधिस्थान आहे. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला तेथे पायी दिंड्या येतात. रस्ता, वाहने आणि पायी चालणारी माणसे असे सारे येथे एकत्र येत असताना, चामड्याचा हाताने शिवलेला एक जोडा या चौकात विकायला ठेवला, तर त्याला किती किंमत मिळेल?

प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु गेल्या काही महिन्यांत याच प्रश्नाने मिलानपासून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत प्रवास केला आहे. इटलीतील 'प्राडा' या बड्या फॅशन कंपनीने २२ जून २०२५ रोजी मिलान येथे पुरुषांच्या पोशाखांचे प्रदर्शन केले. त्यात मॉडेलच्या पायांत दिसलेल्या चपला कोल्हापुरी होत्या, हे कोणाही मराठी माणसाच्या तत्काळ लक्षात आले. कंपनीने मात्र त्यांचा उल्लेख केवळ 'चामड्याच्या सॅंडल' असा केला. टीकेची झोड उठल्यावर आणि महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स, इंडस्ट्री अँड अॅग्रिकल्चरने पत्र लिहिल्यावर या रचनेमागे भारतीय हस्तकलेची प्रेरणा असल्याचे कंपनीने मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने महाराष्ट्र आणि कर्नाटकातील चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. या दोन राज्यांत दोन हजार जोड तयार करून ते फेब्रुवारी २०२६ पासून जगभरातील चाळीस दुकानांत आणि ऑनलाइन विकण्याचे नियोजन जाहीर झाले. किंमत जोडामागे सुमारे ८०० युरो, म्हणजे त्या वेळच्या दराने ८० हजार रुपयांहून अधिक.

कोल्हापूरच्या बाजारात काही शे ते काही हजार रुपयांना मिळणारी वस्तू ८० हजारांवर गेली, ती चामडे बदलल्यामुळे नव्हे. शिवण बदलली म्हणूनही नव्हे. बदलले ते जोड्यावरचे नाव. या प्रकरणातून अभिमान आणि संताप यांच्या पलीकडे काही घ्यायचे असेल, तर ते हेच आहे. हाताने केलेल्या वस्तूच्या बाजारात किंमत मिळते ती नावाला, आणि आपल्या कारागिराजवळ सारे काही असून नेमके तेवढेच नाही.

एका जोड्याचा हिशेब

मांजरसुंब्याच्या चौकात बसणाऱ्या एखाद्या कारागिराने घोट्यापर्यंतच्या चामडी बुटांचा जोड शिवला, अशी कल्पना करू. वरचे चामडे, अस्तर, तळ, टाच, मेण लावलेला दोरा, खळ, लेस हे सारे मिळून तेराशे रुपये धरू. मापे घेणे, फर्म्यावर चामडे ओढून बसवणे, रापीने कापणे, आरीने भोके पाडून तळ शिवणे, घासून कड साफ करणे, या कामाला तीन दिवस धरू. मजुरीचा दर कोणता लावायचा? रोजगार हमीच्या अकुशल कामासाठी २०२५-२६ या वर्षाकरिता महाराष्ट्रात ठरलेला दर दिवसाला ३१२ रुपये होता. तोच लावला तर तीन दिवसांचे ९३६ रुपये होतात. हत्यारांची झीज, वाया गेलेले चामडे, माप चुकून परत आलेला एखादा जोड यांसाठी दहा टक्के धरले, तर बेरीज २,४६० रुपयांच्या घरात जाते. यात नफा नाही. कौशल्याची किंमत नाही. माती उपसणाऱ्या मजुराला जो दर सरकारने किमान म्हणून दिला, तोच येथे वर्षानुवर्षे हात बसवलेल्या माणसाला लावला आहे.

आता गिऱ्हाईक पाहू. चौकात गाडी थांबवून चहा पिणारा शहरी प्रवासी हा जोड हातात घेतो आणि पहिला प्रश्न करतो, "कितीला देणार?" अडीच हजार ऐकताच तो हसतो. "बाराशेला देता का?" असे विचारतो. हाच गृहस्थ पुण्याच्या मॉलमध्ये पाच हजारांचा कारखानी बूट घेतो, तेव्हा काउंटरवरच्या मुलीशी घासाघीस करत नाही. त्याला चामडे ओळखता येत नाही, शिवण पारखता येत नाही. त्यामुळे तो छापील किमतीवर आणि नावावर विश्वास टाकतो. चौकातल्या जोड्यावर नाव नसते, छापील किंमत नसते, उद्या तळ उसवला तर कोणाकडे जायचे हे लिहिलेले नसते. अविश्वासाची किंमत तो मजुरीतून वजा करतो. त्याचेही सर्वस्वी चुकते असे म्हणता येत नाही. महामार्गावरचे गिऱ्हाईक परत येत नाही, हे विकणाऱ्यालाही माहीत असते आणि घेणाऱ्यालाही.

गावातले गिऱ्हाईक मात्र परत येते. पण ते हा जोड घेत नाही. बीड जिल्हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथून हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर जातात. उसाच्या खुंटांत दिवसभर उभे राहणाऱ्या या माणसांना खरे तर भक्कम पायताणाची गरज सर्वांत अधिक. परंतु मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यात ज्यांचा हंगाम जातो, त्यांच्या हिशेबात दोन-अडीचशे रुपयांची प्लॅस्टिकची चप्पलच बसते. ज्याला जोड्याची गरज आहे त्याला तो परवडत नाही, आणि ज्याला परवडतो त्याचा त्यावर विश्वास नाही. ग्रामीण चर्मकाराच्या धंद्याची कोंडी या एका वाक्यात सांगता येते.

बलुत्यापासून पत्र्याच्या टपरीपर्यंत

ही कोंडी पूर्वी नव्हती, असे मात्र समजू नये. बलुतेदारीत चर्मकाराने गावाला जोडे शिवून द्यायचे, विहिरीवरची मोट आणि वाद्या सांभाळायच्या आणि सुगीला धान्याच्या रूपाने बलुते घ्यायचे, अशी रीत होती. गिऱ्हाईक ठरलेले होते, पण किंमत ठरवण्याचा अधिकार तेव्हाही कारागिराचा नव्हता, आणि जातीच्या उतरंडीत त्याची जागाही ठरलेली होती. पुढे विहिरींवर इंजिने आणि विजेचे पंप आले, मोट गेली. कारखान्यातला बूट, मागोमाग रबर आणि प्लॅस्टिकची चप्पल तालुक्याच्या बाजारात आली. नवा जोड शिवण्याचे काम आटत गेले आणि हाती उरली ती दुरुस्ती. सरकारी कागदोपत्री या माणसाचे नावही त्याप्रमाणे 'गटई कामगार' असे झाले.

या इतिहासामुळेच 'परंपरा जपा' असे शहरातून सांगणाऱ्यांनी थोडे जपून बोलावे. ज्या कामाशी अस्पृश्यतेचा डाग जोडला गेला, ते काम पुढच्या पिढीने सोडले तर त्याबद्दल हळहळण्याचा अधिकार इतरांना पोहोचत नाही. १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस खाण्यासारख्या, गावाने लादलेल्या अपमानकारक रूढी टाकून देण्याचे आवाहन केले होते. त्यामागचा स्वाभिमानाचा विचार आजही तितकाच खरा आहे. प्रश्न कला टिकवण्याचा नाही. ज्याला हे काम करायचे आहे, त्याला ते मानाने आणि पुरेशा पैशाने करता येते का, एवढाच प्रश्न आहे.

कच्च्या मालाचे गणितही बदलले आहे. गावात चामडे कमावण्याचा उद्योग जवळजवळ संपला. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमावण्याच्या जुन्या पद्धतीला कित्येक आठवडे लागतात. क्रोमियमच्या क्षारांनी तेच काम फार थोड्या वेळात होते. त्यामुळे हा व्यवसाय तमिळनाडू, उत्तर प्रदेश, पश्चिम बंगालमधील मोठ्या केंद्रांत एकवटला. २०१५ मध्ये महाराष्ट्रातील प्राणी संरक्षण कायद्यातील दुरुस्ती अमलात आली आणि गायीबरोबरच बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीच्या चामड्यावर बंदी नाही, पण वाहतूक आणि साठवणुकीत धास्ती वाढली, असे कारागीर आणि व्यापारी तेव्हापासून सांगत आले आहेत. ज्या जिल्ह्यात जनावरांचे बाजार भरतात, तेथील कारागिरालाच चामडे शेकडो मैलांवरून विकत आणावे लागते, अशी ही उलटी गंगा आहे.

नकाशाबाहेरचा कारागीर

कोल्हापुरी चपलेला डिसेंबर २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक, म्हणजे सर्वसामान्यांच्या भाषेत 'जीआय' मानांकन मिळाले. त्याची नोंद महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकचे डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग विकास महामंडळ यांच्या नावे संयुक्तपणे आहे. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे येतात. बीड त्यात नाही.

मांजरसुंब्याच्या चौकातून निघालेली एसटी चौसाळा, येरमाळा, येडशी, तुळजापूर करीत काही तासांत सोलापूरला पोहोचते. या रस्त्याच्या एका टोकाला शिवलेली चप्पल कायद्याने 'कोल्हापुरी' म्हणता येते, दुसऱ्या टोकाला तशीच शिवलेली चप्पल म्हणता येत नाही. १९९९ च्या कायद्यानुसार खोटा भौगोलिक निर्देशांक वापरणे हा सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान ५० हजार रुपये दंडाचा गुन्हा आहे. यात अन्याय झाला असे म्हणता येणार नाही. सीमा आखल्याशिवाय भौगोलिक मानांकनाला अर्थच राहत नाही. बीडच्या सीताफळालाही असेच मानांकन आहे आणि ते नाव दुसऱ्या जिल्ह्याने वापरलेले बीडच्या शेतकऱ्याला चालणार नाही. मुद्दा इतकाच की मानांकन आठ जिल्ह्यांना आणि एका चपलेला आहे. बुटाला नाही आणि मराठवाड्याच्या कारागिराला तर मुळीच नाही.

मानांकन ज्यांच्याकडे आहे, त्यांनाही ते किती उपयोगी पडले? 'प्राडा'विरुद्ध कारागिरांच्या वतीने दाखल झालेली जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. हक्क सांगायचा तर तो मानांकनाच्या नोंदणीकृत मालकांनी सांगावा, असा त्यामागचा आशय होता. याचा अर्थ, जोडा शिवणाऱ्याचा हक्क त्याच्या हातात नसून महामंडळाच्या फायलीत आहे. महामंडळ जागे असेल तर हक्क जागा. या वेळी गाजावाजा झाला, म्हणून करार झाला. प्रशिक्षणाच्या संधी देण्याचेही ठरले. हे चांगलेच झाले. पण दोन हजार जोडांची एकूण विक्री १६ लाख युरोंची, म्हणजे साधारण १६ ते १७ कोटी रुपयांची होते. त्यातले किती आरी धरणाऱ्या हातापर्यंत पोहोचते, यावरून या कराराचे मोल ठरवावे लागेल.

योजना आहेत, दुकान नाही

सरकारने काही केले नाही, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या 'पीएम विश्वकर्मा' योजनेतील १८ व्यवसायांत चर्मकारांचा समावेश आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५ हजार रुपयांचे साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाख रुपयांचे कर्ज अशी तिची रचना आहे. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची गटई कामगारांना शंभर टक्के अनुदानावर पत्र्याचे स्टॉल देण्याची योजना तर जुनी आहे.

या योजनांच्या अटी मात्र बारकाईने वाचायला हव्यात. स्टॉल हवा असेल तर तो ठेवण्याची जागा स्वतःच्या मालकीची किंवा ग्रामपंचायत, नगरपालिका अशा संस्थेने अधिकृतपणे ताब्यात दिलेली असावी लागते. गिऱ्हाईक असते ते रस्त्याच्या कडेला, आणि रस्त्याची कड महामार्गाच्या हद्दीत येते. येडशी ते छत्रपती संभाजीनगर या टप्प्याचे चौपदरीकरण झाल्यावर गाड्यांचा वेग वाढला. अशा रस्त्यावर थांबण्याच्या जागा मोजक्या होतात, आणि तेथले भाडे उपाहारगृहाला परवडते, आरी-रापी घेऊन बसणाऱ्याला नाही. हत्यारे मिळाली, कर्ज मिळाले, टपरीही मंजूर झाली, पण गिऱ्हाईक जेथून जाते तेथे ती उभी करता आली नाही, तर उपयोग काय?

करांचे गणितही पाहण्यासारखे आहे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा ५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर पाच टक्के आणि त्यावर १८ टक्के कर होता. २०१८ मध्ये ही मर्यादा एक हजारावर गेली. १ जानेवारी २०२२ पासून स्वस्त पादत्राणांवरचा कर १२ टक्के झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडाला पाच टक्के आणि त्यापुढे १८ टक्के असा दर लागू झाला. हा दिलासा खरा आहे. पण आपला वर मांडलेला हिशेब आठवून पाहा. नफा न धरताच जोड २,४६० रुपयांना पडला होता. म्हणजे किमान मजुरी आणि थोडासा नफा धरला, की हाताने शिवलेला चामडी बूट चैनीच्या वस्तूंच्या रांगेत जाऊन बसतो.

वर्षाला ४० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या कारागिराला या कराची नोंदणी सर्वसाधारणपणे लागत नाही, हे खरे. ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात ऑनलाइन विक्रीसाठीही लहान विक्रेत्यांना सवलत आहे. परंतु त्याचा जोड पुण्यातल्या नोंदणीकृत दुकानदाराने घेऊन चार हजारांना विकायला ठेवला, तर त्यावर ७२० रुपये कर लागतो. तीन दिवस जोडा शिवणाऱ्याला मिळाले ९३६. किमतीऐवजी हाताने केलेले काम हा निकष लावला, तर हे अंतर सहज दुरुस्त होऊ शकते.

या साऱ्याच्या मुळाशी एक प्रशासकीय दृष्टिकोन आहे. चर्मोद्योग महामंडळ १९७४ मध्ये स्थापन झाले. ते सामाजिक न्याय विभागाच्या अखत्यारीत येते. सामाजिक न्याय आवश्यकच आहे. पण त्यामुळे चर्मकाराकडे आपण लाभार्थी म्हणून पाहायला शिकलो, उत्पादक म्हणून नव्हे. लाभार्थ्याला अनुदान पुरते. उत्पादकाला बाजार, डिझाइन, माप, हमी आणि नाव लागते.

नाव कसे मिळेल?

महामंडळाने २०२५ मध्ये कोल्हापुरी चपलांसाठी क्यूआर कोडची व्यवस्था पुढे आणली. जोडावरचा कोड मोबाइलने टिपला की तो कोणी, कोठे बनवला हे गिऱ्हाइकाला कळावे, अशी ही कल्पना आहे. ती मानांकनाच्या आठ जिल्ह्यांपुरती ठेवण्याचे काही कारण नाही. बीड, धाराशिव, लातूर, परभणीच्या कारागिराने 'कोल्हापुरी' हे नाव वापरू नये, पण स्वतःचे नाव वापरण्यापासून त्याला कोण अडवतो? व्यक्तीच्या नावे बोधचिन्हाची ऑनलाइन नोंदणी करण्यास ४,५०० रुपये सरकारी शुल्क पडते. एकट्याला ते जड आहे, महामंडळाला नाही. हत्यारांच्या १५ हजारांबरोबर ही नोंदणी आणि तळाला उमटवायचा एक शिक्का दिला, तर त्याचा उपयोग हत्यारांइतकाच होईल.

दुसरी गोष्ट जागेची. रेल्वेने २०२२ पासून 'एक स्थानक, एक उत्पादन' या योजनेत स्थानिक कारागिरांना फलाटावर विक्रीची जागा द्यायला सुरुवात केली. बीड शहराला रेल्वे मिळाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. मराठवाड्याच्या मोठ्या भागाचा प्रवास आजही रस्त्यानेच होतो. मग एसटीच्या स्थानकात आणि महामार्गावरच्या अधिकृत थांब्यांवर हाच नियम का नसावा? मांजरसुंब्यासारख्या चौरस्त्यावर एक छोटा गाळा चर्मकारांना मिळाला, तर आज नुसती वेगाने निघून जाणारी गर्दी गिऱ्हाईक होऊ शकेल. माप देऊन आगाऊ रक्कम ठेवायची आणि जोड कुरिअरने घरी मागवायचा, हेही मग अशक्य नाही.

तिसरी गोष्ट गिऱ्हाइकाची, म्हणजे आपली. हाताने शिवलेल्या बुटाचा खरा फायदा तो दुरुस्त होतो, हा आहे. तळ झिजला तर उसवून नवा बसवता येतो. दोन पावले सारखी नसतील तर दोन फर्म्यांवर दोन बूट शिवता येतात. नुसता चिकटवलेला कारखानी बूट हे सुख सहसा देत नाही. जोड घेताना तळाची शिवण पाहावी, चामडे वाकवून पाहावे, 'तळ बदलून द्याल का' असे विचारावे आणि शिवणाऱ्याचे नाव व फोन नंबर लिहून घ्यावा. एवढे केल्यावर किमतीवर बोलायला हरकत नाही. पण घासाघीस करताना एकदा मनात तीनाने भागावे. अडीच हजारांचे बाराशे केले, की चामड्याचेसुद्धा पैसे सुटत नाहीत, मग तीन दिवसांची मजुरी कोठून येणार?

मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरीचे नाव घेतले गेले नाही, म्हणून आपण रागावलो आणि तो राग योग्यच होता. मात्र आपल्या घरातल्या चपला-बुटांच्या कपाटासमोर उभे राहून, यातला एक तरी जोड कोणी शिवला हे आपल्याला सांगता येते का? नाव न घेण्याची तक्रार इटलीकडे करताना त्या तक्रारीची एक प्रत आपल्याकडेही ठेवायला हवी.